आवरलेलं स्वयंपाकघर

शिसं म्हणजे पेन्सिलीत असतं ते, एवढंच मला ठाऊक होतं. मुलांच्या डॉक्टरांकडून फोन आला तेव्हा तो वरच्या मजल्यावरच्या ताईने घेतला, कारण फोनवरचं जर्मन मला निम्मंच कळतं. फोन ठेवून ती म्हणाली, "वहिनी, पोरीच्या रक्तात शिसं सापडलंय." मी आत गेले आणि मुलीची बालवाडीची पिशवी जमिनीवर उलटी केली. तीन पेन्सिली निघाल्या, तिन्हींची टोकं चावलेली. मी त्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, वर दुधीची सालं टाकली आणि म्हटलं, "झालं. आता नाही खाणार."

"वहिनी, पेन्सिलीत शिसं नसतं हो. नाव फक्त तसं पडलंय."

"मग कशात असतं?"

ताईने मोबाइल काढला. ती इथल्या विद्यापीठात पीएचडी करते, पूल कसे हलतात यावर. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण शिकलेली म्हणून मी तिला ताई म्हणते आणि ती मला वहिनी. मी स्वतः आठवी. आमच्याकडे आठवीच्या पुढची शाळा खाडीच्या पलीकडे होती आणि होडी रोज मिळायची नाही. एका वर्षी मी गेलेच नाही, आणि का आली नाहीस म्हणून कोणी विचारायलाही आलं नाही. तेव्हापासून मला कागदावर सही करायची भीती वाटते. वाचता येतं, पण वाचलेलं खरंच तेच आहे का, याची खात्री कधी वाटत नाही.

इथे जर्मनीत, आखनमध्ये, आम्हाला सहा वर्षं झाली. आमचे हे एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी आहेत. घर जुनं, चार मजल्यांचं, लाकडी जिन्याचं. सकाळी नळ सोडला की पहिली दोन भांडी पाणी चहाच्या रंगाचं येतं. त्यामुळे ताईने मोबाइलवर वाचून "जुन्या घरांत शिशाचे पाइप असतात" असं सांगितल्याबरोबर मी निकाल लावून टाकला होता. पाणी. घरमालकाचं पाणी. आणि घरमालक इथलाच, त्याला कोण काय विचारणार?

मुलीचं चार महिने पोट दुखत होतं. पाच वर्षांची पोर, जिन्यावरून उड्या मारत उतरणारी, ती कठड्याला धरून उतरायला लागली. ओठ पांढरे पडले. चिडचिड इतकी की मोजा घालताना रडायची. मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे दोनदा नेलं, दोन्ही वेळा भाज्या खायला घाला म्हणाल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी रक्त काढलं. त्या डॉक्टरीणबाईंनी मग आम्हाला बोलावून घेतलं आणि विचारलं, हे आरोग्य खात्याला कळवू का? कळवायचं तर तुमची सही लागेल.

हे बाहेर येऊन म्हणाले, "अगं, सही करू नकोस."

"अहो, पण पोरीचं—"

"पोरीसाठीच सांगतोय. आज आरोग्य खातं, उद्या युगेंटआम्ट."

युगेंटआम्ट म्हणजे मुलांकडे लक्ष ठेवणारं सरकारी ऑफिस. आपल्या लोकांत या ऑफिसाचं नाव आवाज खाली करून घेतात. कुणाचं तरी मूल नेलं म्हणे, मारलं म्हणून. कुणाचं तरी नेलं, नीट खायला घालत नाहीत म्हणून. कुणाचं ते कुणालाच माहीत नसतं, सांगणाऱ्याच्या ओळखीच्यांच्या ओळखीचं कुणीतरी असतं. पण मूल नेलं, एवढं मात्र प्रत्येकाला नक्की माहीत असतं. माझ्या डोक्यात सरळ हिशोब झाला. पोरीच्या अंगात विष आहे. पोरीला खायला मी घालते. म्हणजे विष कोणी घातलं?

तरी मी सही केली. डॉक्टरीणबाई सांगत होत्या तेव्हा माझ्याकडे नाही, पोरीकडे बघत होत्या, एवढ्याच एका कारणावरून. दुसरं काही कारण माझ्याकडे नव्हतं.

आठ दिवसांनी पत्र आलं. आरोग्य खात्याच्या एक बाई घर बघायला येणार, मसाले, औषधं, खेळणी, सौंदर्यप्रसाधनं काढून ठेवा. तारीख, वेळ, सगळं छापलेलं. आणि मी जे केलं ते आपल्याकडची कुठलीही बाई करील. मी घर आवरलं. तीन दिवस आवरलं. गॅसची शेगडी सुरीने खरवडली. फळीवर लग्नातला स्टीलचा सेट मांडला, जो एरवी खोक्यात असतो. रोजच्या वापरातलं जे जे काळं, तेलकट, पोचे आलेलं, ते सगळं खाली तळघरातल्या आमच्या जाळीच्या खोलीत नेऊन ठेवलं. त्यात पोळ्यांचा तवा होता, लोणच्याची बरणी होती, आणि माझं पितळेचं पातेलं होतं, बुडाला काजळी धरलेलं. परक्या माणसासमोर काळं भांडं ठेवायचं नाही, हे मला कुणी शिकवलेलं नाही. ते येतंच.

बाई सायकलवरून आल्या. पन्नाशी उलटलेल्या, पिवळा रेनकोट, पाठीवर बॅग. दारात आल्या आल्या त्यांनी आपणहून बूट काढले. इथे बूट काढा म्हणून सांगावं लागतं आणि सांगितल्यावर लोक आपल्या मोज्यांकडे बघतात. हिला सांगावं लागलं नाही, म्हणजे आमच्याबद्दल कुणीतरी हिला शिकवून पाठवलंय. अजून काय काय शिकवलंय?

ताई दुभाषी म्हणून बसली होती. हे खुर्चीच्या अगदी कडेला, परीक्षेला बसल्यासारखे. मी चहा केला, चकल्या ठेवल्या. बाईंनी चकली खाल्ली नाही. आता वाटतं, त्यांना नियम असेल. तेव्हा वाटलं, आमच्या घरचं खायला घाबरतेय.

त्यांनी बॅगेतून एक चित्रांचा कागद काढला. हळदीची पुडी. काजळाची डबी. शेंदूर. भस्माच्या पुड्या. रंगीत चकचकीत लुकण दिलेली मातीची भांडी. धातूचे ताईत. एकेका चित्रावर बोट ठेवून त्या विचारायच्या, हे आहे? हे वापरता? मुलीला हे लावता? मी प्रत्येक चित्र बघत होते आणि आतून पेटत होते. सगळी चित्रं आमची. नळाचं चित्र त्यात एकही नव्हतं.

"ताई, तिला म्हणावं पाण्याचं बघा आधी. पाणी लाल येतं."

ताईने सांगितलं. बाई "गेनाऊ, गेनाऊ" म्हणाल्या, म्हणजे बरोबर, बरोबर, आणि त्यांनी बॅगेतून दोन बाटल्या काढून माझ्या हातात दिल्या. रात्रभर नळ सोडायचा नाही, सकाळचं पहिलं पाणी यात भरायचं, आणि आणून द्यायचं. म्हणजे आमच्या पाण्याची चोरी आम्हीच पकडून द्यायची. मला वाटलं, असलं काम खात्याचं माणूस स्वतः करत नाही, याचा अर्थ त्यांना निकाल आधीच माहीत आहे.

मग काजळाची डबी त्यांनी पिशवीत घातली, हळद घातली. हळदीची पुडी मी सीमेपलीकडच्या दुकानातून आणते. आमच्याकडून बसने अर्ध्या तासात नेदरलँड्स लागतं, तिथे मेथी जुडीने मिळते, कोथिंबीर ताजी असते. बाई म्हणाल्या, दुकान सीमेपलीकडे असेल तर ते आमच्या हद्दीत नाही. हळद तपासायचं काम मात्र इथल्या जनावरांच्या डॉक्टरांच्या खात्याचं.

हे पहिल्यांदा बोलले. "हळद? ढोरांचा डॉक्टर?"

ताई हसू दाबत म्हणाली, "दादा, खरंच. इथे अन्नाची तपासणी त्यांच्याकडेच असते."

"मग पाणी कोण बघतं? पोस्टमन?"

पाणी ह्या बाई बघायच्या. काजळ तिसरंच ऑफिस. खेळणी अजून कुठे. आणि या सगळ्यांनी आमच्याबद्दल एकमेकांशी बोलायचं तर आमची परवानगी हवी. बाईंनी तो फॉर्म पुढे सरकवला. चार पानं. "तुम्हाला इच्छा असेल तरच," असं त्या दोनदा म्हणाल्या. इथे 'केलीच पाहिजे' असं कुणी म्हणत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. आमच्या गावात तलाठी ओरडायचा, तेव्हा निदान कळायचं त्याला काय हवंय. मी फॉर्मची पानं उलटली. तिसऱ्या पानावर ऑफिसांची यादी होती आणि त्यात एक शब्द मला ताईच्या मदतीशिवाय वाचता आला. युगेंटआम्ट.

मी पेन खाली ठेवलं. "नंतर देते," म्हटलं.

जाताना बाईंनी फळीवरच्या स्टीलच्या सेटकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शोन." छान. पातेल्यांबद्दल त्यांनी एवढंच विचारलं होतं की लुकण दिलेली मातीची आहेत का. नाहीत म्हणून मी सांगितलं, आणि ते खरं होतं.

त्या गेल्या आणि मला भूक लागल्यासारखं झालं. पोरीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. एकाच गोष्टीला ती नाही म्हणायची नाही, आमसुलाचं सार. मी खाली जाऊन पातेलं वर आणलं आणि सार केलं. गूळ घालून, कोथिंबीर घालून. दोन वाट्या प्यायली. मला इतकं बरं वाटलं की मी तिला तिसरी दिली.

पाण्याची गंमत पुढे झाली. सकाळचं पहिलं पाणी भरायचं होतं, पण यांनी पहाटेच उठून सवयीने चूळ भरली. बाटली मी तशीच भरली आणि काही बोलले नाही. पाणी स्वच्छ निघालं तेव्हा मीच म्हटलं, बघा, प्रकरण दाबलं. दोन दिवस मी घरमालकाला मनात शिव्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी ताईला चुळीचं सांगून टाकलं.

"वहिनी! अहो, मग तो नमुनाच फुकट गेला ना!"

"मग आता?"

"आता काय, सांगायचं त्यांना."

ताईने फोन केला. मला वाटलं बाई ओरडतील. त्या म्हणे हसल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या स्वतःच्या नवऱ्यानेही असंच केलं असतं. दुसऱ्या बाटल्या आल्या. या वेळी मी नळाच्या तोटीला फडकं बांधलं आणि त्यावर सेफ्टी पिन लावली. पाणी पुन्हा स्वच्छ. लाल रंग लोखंडाचा, गंजाचा, त्याने काही होत नाही म्हणे. मला ते पटलं नाही. लाल पाणी चांगलं आणि पिवळी हळद संशयित, हा कुठला न्याय?

हळदीचा निकाल यायला पाच आठवडे लागले. दर बुधवारी ताई फोन करायची आणि दर बुधवारी त्या बाई म्हणायच्या, माझ्याकडे अजून काही आलं नाही, आणि ते खातं मला तुमच्या परवानगीशिवाय सविस्तर सांगू शकत नाही. एकदा ताईला त्या म्हणाल्या की या कामाला पूर्वी त्या दोघी होत्या, दुसरी निवृत्त झाली, जागा भरलीच नाही. आता पोहण्याचे तलाव, गोंदवून देणारी दुकानं, वृद्धाश्रमांतलं नळाचं पाणी आणि आमची पोर, सगळं एकटीवर. ताईने हे मला सहानुभूतीने सांगितलं. मी ते वेगळंच ऐकलं. एवढं मोठं सरकार, आणि माझ्या पोरीसाठी सायकलवरची एक बाई.

हळदही स्वच्छ. काजळ स्वच्छ. मी काजळ आधीच बंद केलं होतं, हळद बदलली होती, खेळणी धुतली होती, बाटलीतलं पाणी विकत आणत होते. मग पोरीचं रक्त पुन्हा तपासलं आणि आकडा पहिल्यापेक्षा वर.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद आमच्याकडे वळवला. आकडा मला वाचता येतो, त्याला जर्मन लागत नाही. त्या म्हणाल्या, काहीतरी अजून आत जातंय. रोज. हे असंच चाललं तर हिला दवाखान्यात ठेवून औषध द्यावं लागेल, आणि पुढे शाळेत शिकायला जड जाईल. ताईने शेवटचं वाक्य मराठीत सांगायला जरा वेळ घेतला. मला ते आधीच कळलं होतं. शाळा म्हटलं की मला कुठल्याही भाषेत कळतं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी त्या चार पानांच्या फॉर्मवर सही केली. हे बाजूला उभे होते. "कर," एवढंच म्हणाले. न्यायचीच असेल तर नेऊ देत, पण जिवंत आणि धडधाकट न्यावी, असं काहीतरी मी त्या वेळी मनात म्हटलं असेन. मला नक्की आठवत नाही. पेनची शाई नीट येत नव्हती, हे आठवतं.

बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी चित्रांचा कागद आणला नव्हता. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या आणि ताईला म्हणाल्या, "यांना म्हणावं, मला तोंडी काही सांगू नका. काल मुलीने जे खाल्लं ते माझ्यासमोर करा. जसं करता तसंच."

मी पुन्हा सगळं आवरलेलं होतं. मी स्टीलचं पातेलं घेतलं, आमसुलं भिजत घातली होती ती कुस्करली, पाणी घातलं. पोरगी ओट्यापाशी खुर्चीवर उभी राहून बघत होती. मराठी तिला सगळं समजतं, पण बोलते जर्मन. ती म्हणाली, "माम्मा, दास इस्ट डेअर फाल्शे टोप्फ." हे चुकीचं पातेलं आहे.

मी म्हटलं, "गप."

"पण तू सार पिवळ्या पातेल्यात करतेस. ते खाली केलरमध्ये आहे. पाहुणे आले की तू ते केलरमध्ये ठेवतेस." हे सगळं तिने सरळ बाईंकडे बघत, जर्मनमध्ये, स्वच्छ सांगितलं. दुभाष्याची गरज पडली नाही.

ताई माझ्याकडे वळली. "वहिनी? तुम्ही लपवलं होतं?"

"लपवलं नाही गं. आवरलं होतं."

"अहो पण—"

"काळं झालंय ते. परक्या बाईसमोर काय ठेवायचं?"

ताईने हे भाषांतर कसं केलं मला माहीत नाही. बाई उठल्या आणि म्हणाल्या, चला, खाली जाऊ. आम्ही चौघी तळघरात उतरलो. यांची ड्यूटी होती. जाळीच्या खोलीचं कुलूप उघडताना माझ्या मनात आलं, कुलुपात ठेवलेल्या वस्तूला कोणत्या भाषेत 'आवरलं' म्हणायचं?

पातेलं आईने लग्नात दिलेलं. पितळेत आंबट शिजवायचं नाही, कळकतं, हे आमच्यात पोरींनाही माहीत असतं. पण आतून कल्हई असेल तर चालतं. कल्हई निघत आली होती, म्हणून दोन वर्षांपूर्वी गावी गेलो तेव्हा मी ती नव्याने करून घेतली. पूर्वी कल्हईवाला आळीत यायचा, भाता लावून बसायचा, नवसागराचा धूर नाकात जायचा आणि कथलाचा तुकडा भांड्यात फिरला की चांदी पसरल्यासारखं व्हायचं. आता कोणी येत नाही. तालुक्याच्या बाजारात एक माणूस होता, शेगड्या दुरुस्त करणारा. परवा न्या म्हणाला. आई म्हणाली होती, "समोर बसून करून घे गं." मला बाजारात वेळ नव्हता. ज्या माणसावर संशय घ्यायला हवा होता, तो माझ्या भाषेत बोलत होता, माझ्या आईला मावशी म्हणत होता. मी पातेलं ठेवून निघून आले. परत मिळालं तेव्हा आरशासारखं चकचकत होतं.

बाईंनी बॅगेतून कापसाचा बोळा लावलेली एक काडी काढली, ओली केली आणि पातेल्याच्या आतून फिरवली. कापूस गुलाबी झाला, मग लाल. लाल म्हणजे शिसं. "हा पुरावा नाही," त्या म्हणाल्या, "नुसती खूण आहे." मी खाली बसले. पातेल्याकडे नाही, पोरीच्या हाताकडे बघत होते. आठ आठवडे. पहिल्या भेटीनंतरचे आठ आठवडे, जवळजवळ रोज. तिसरी वाटी.

पुराव्यासाठी प्रयोगशाळा हवी आणि तिथेच पुन्हा घोडं अडलं. जनावरांच्या डॉक्टरांचं खातं म्हणालं, हे अन्न नाही. भांड्यांचं बघणारं खातं म्हणालं, हे इथे विकलेलं नाही, आमच्या बाजारातलं नाही, कोणत्या कलमाखाली घेऊ? बाई पंधरा दिवस पत्रं लिहीत होत्या. शेवटी कुठल्याशा ओळखीच्या प्रयोगशाळेत त्यांनी ते स्वतः नेलं. माझं पातेलं त्यांच्या सायकलच्या टोपलीत, वर रेनकोट झाकलेला, असं आमच्या गल्लीतून जाताना मी खिडकीतून पाहिलं. तेव्हा माझ्या मनात त्या बाईबद्दल पहिल्यांदा उपकाराची भावना आली, आणि तिच्या मागोमाग, ती ते परत देणार की नाही, हाही विचार आला.

निकाल आला. कथलात शिसं मिसळलेलं होतं, भरपूर. त्या माणसाने स्वस्तात काम उरकलं होतं.

दरम्यान आम्हा दोघांचं रक्त तपासलं होतं. आमच्यातही होतं, पण मोठ्यांना तितकं बाधत नाही म्हणाले. ताईनेही आपलं रक्त तपासून घेतलं होतं, मला न सांगता. माझ्याकडे किती वेळा सार प्यायली असेल ती. मला पुढे कळलं, वाईट वाटलं, आणि तिच्या जागी मी असते तर मीही न सांगताच केलं असतं.

निकाल सांगायला बाई तिसऱ्यांदा आल्या. या वेळी मी काही आवरलं नाही. तवा ओट्यावर तसाच होता. त्यांनी विचारलं की तुमच्या ओळखीत अशी भांडी अजून कोणाकडे आहेत? माझ्या डोळ्यांसमोर एक घर आलं. सॉफ्टवेअरवाल्यांचं, हल्ली पितळेची फॅशन परत आली म्हणून त्या बाईंनी पुण्याहून अख्खा सेट विमानातून आणला होता. त्यांना दोन मुलं. पण नाव द्यायचं? सरकारी बाईला?

"आधी तिला एक विचार," मी ताईला म्हटलं. "आमच्याबद्दल युगेंटआम्टला सांगितलं होतं का?"

"वहिनी, असं नका विचारू."

"विचार."

ताईने विचारलं. बाई म्हणाल्या, "हो."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"पहिल्याच आठवड्यात," बाई सांगत होत्या आणि ताई एकेक वाक्य देत होती. "नाव न सांगता. सल्ला म्हणून विचारतो आम्ही. त्यांनी सांगितलं, आई-वडील मुलीला तीनदा डॉक्टरांकडे घेऊन गेलेत, यात आम्हाला काही काम नाही. तिथेच संपलं."

म्हणजे माझा संशय खरा होता. सांगितलं होतं. आणि ज्या गोष्टीला भिऊन मी सही दिली नाही, दारं लावून घेतली, ती पहिल्या आठवड्यातच मिटली होती. मधले सगळे आठवडे मी कशाला भीत होते? राग कुणावर काढावा हे कळेना. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

ताईने विचारलं. बाईंनी खांदे उडवले नाहीत, हे मी लक्षात ठेवलंय. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, ते नाव काढलं तर तुम्ही दारच उघडणार नाही."

ते खरं होतं. मग मी त्यांना चकल्या दिल्या आणि त्यांनी एक घेतली. त्या सॉफ्टवेअरवाल्या बाईंचं नाव मी दिलं नाही. म्हटलं, मी सांगते त्यांना. बाई म्हणाल्या, तुम्ही काय सांगाल? मी म्हटलं, आंबट काही करू नका म्हणेन, आणि भांडं घेऊन तुमच्याकडे येईन. त्या चित्रांच्या कागदात तुम्ही काहीही घाला, लोक आधी आवरतात. काय काय आवरलंत, ते विचारत जा. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. कुठल्या वहीत, ती वही पुढे कुठे जाते, मला माहीत नाही.

संध्याकाळी मी त्या घरी फोन केला. त्या बाई म्हणाल्या, "अय्या, आमचं ब्रँडेड आहे हो." आणि विषय बदलला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांनी ताईला मेसेज करून विचारलं, ती लाल होणारी काडी कुठे मिळते?

पोरीला दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाहेरून यायचं थांबलं की हळूहळू उतरेल, पण हाडांत काही राहतं आणि ते वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्तात येत असतं. मला हे वाक्य आवडलं नाही. हाडात राहतं म्हणजे किती राहतं? कुणी मोजलंय? त्या म्हणाल्या, मोजत राहू.

सहा आठवड्यांनी रक्त दिलं आणि फोन आला तेव्हा ताई घरी नव्हती. मी स्वतः उचलला. पलीकडची मुलगी भरभर बोलली. मी म्हटलं, हळू, बिटे, म्हणजे प्लीज. तिने हळू सांगितलं, आकडा खाली आलाय. निम्म्याच्याही खाली. मला कळलं होतं. तरी मी विचारलं, खाली म्हणजे कमी? हो, कमी. माझ्याच मुलीचा आकडा ना, जन्मतारीख बघा. तिने जन्मतारीख वाचली. बरोबर होती. मी म्हटलं, पुन्हा एकदा सांगा, खाली की वर?

पोरगी बाजूला उभी राहून ऐकत होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला, जर्मनमध्ये म्हणाली, "माझ्या आईला समजलंय, थँक्यू, बाय," आणि बंद केला.

मी तिला ओरडले. मला पुढच्या तपासणीची तारीख विचारायची होती.